दोन रेकॉर्डर, सोळा ट्रॅक: टाइमकोड लावला की झालं?

ध्वनिवही:
परवाच्या धाग्यावर फील्डबाबांनी लिहिलं होतं, "आठ ट्रॅकचे दोन रेकॉर्डर घ्या, दोन्हींना टाइमकोडचा डबा लावा, सोळा ट्रॅक तयार. दोन्ही रेकॉर्डर एकाच घड्याळावर चालवणारी ती वर्ड क्लॉकची तार म्हणजे भाड्याचं बिल फुगवायची युक्ती." दोन दिवस गप्प होतो. पण हे वाचून उद्या कुणी सप्त्याला जाईल आणि तोंडघशी पडेल, म्हणून लिहितोय.

टाइमकोड म्हणजे वेळेचा शिक्का, फाइल कुठे सुरू झाली ते तो सांगतो. ती किती वेगाने चालली ते सांगत नाही. वेग ठरतो रेकॉर्डरच्या आतल्या घड्याळाच्या क्रिस्टलवर, आणि दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. आमच्या गावचं काल्याचं कीर्तन, दोन तास दहा मिनिटं. एक रेकॉर्डर व्यासपीठाखाली, दुसरा मंडपाच्या कडेला. सुरुवातीची टाळी जुळवली आणि शेवटच्या टाळीपाशी गेलो, तर 195 मिलिसेकंदांचा फरक. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने जवळजवळ पाच फ्रेम. पखवाजाची प्रत्येक थाप दोनदा ऐकू येत होती. एक फाइल ताणून दोन्ही टोकं जुळवली, तरी मधला अभंग सुटाच. कारण कडेच्या रेकॉर्डरवर अकरानंतर ऊन आलं, तो तापला आणि त्याची चाल बदलली. सरळ ताणून ते कसं जुळणार?

फील्डबाबा:
तुमचे रेकॉर्डर स्वस्तातले होते, तो राग माझ्यावर कशाला? मी 0.2 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख सेकंदांत 0.2 सेकंद चुकणाऱ्या घड्याळाबद्दल बोलत होतो. दोन्ही उलट दिशेने चुकले तरी तुमच्या त्याच कीर्तनात फरक पडला असता सुमारे 3 मिलिसेकंद. आवाज 1 मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे माइक मीटरभर सरकवल्याइतका फरक. मंडपात माइक तसेही तीन-चार मीटर लांब असतात. शिवाय मालिकेच्या सेटवर टेक दोन मिनिटांचा, तिथे स्वस्त रेकॉर्डरसुद्धा फार सरकत नाही.

आणि वर्ड क्लॉकची गंमत मीही भोगली आहे. एका संगीत नाटकाला दोन रेकॉर्डर बीएनसी केबलने बांधले होते. दुसऱ्या अंकात कुणाचा तरी पाय अडकून केबल अर्धवट सुटली. दुसऱ्या रेकॉर्डरवर पुढचं अख्खं पद टकटक आवाजांनी खराब झालं. वेगवेगळ्या घड्याळांवर चालले असते तर फार तर थोडे सरकले असते, पद तरी हातात राहिलं असतं.

एडिट टेबल:
तुम्ही दोघं घड्याळावर भांडताय, इकडे माझ्याकडे येणाऱ्या कार्डांवर शेवटची टाळीच नसते! सुरुवातीची सगळे वाजवतात, शेवटी आयोजक प्रसादाला बोलावतात आणि रेकॉर्डर आधीच बंद. दोन्ही कार्डांवर फाइलचं नावही तेच. मागच्या महिन्यात भारुडाच्या बारा फाइली कानांनी जुळवल्या, रात्रीचे तीन वाजले.

पखवाजी:
मुळात कीर्तनाला सोळा ट्रॅक लागतात कशाला? मी तीस वर्षं वाजवतोय. समोर चांगले दोन माइक उभे करा, जे कानाला येतं तेच उतरतं. प्रत्येक टाळकऱ्याला माइक लावून नंतर घरी मिसळायचं, याला कीर्तन म्हणत नाहीत.

ध्वनिवही:
पखवाजीबुवा, समोर दोन माइक लावले की आधी पकडला जातो तो मंडपवाल्याचा भोंगा. कीर्तनकारांचा शब्द त्यात विरघळतो.

पखवाजी:
मग भोंग्याचा आवाज कमी करायला सांगा! ते सांगायची हिंमत नाही म्हणून यंत्रं वाढवायची. डाव्या पुडीची कणीक वाळायला लागली की पखवाज चढतो, मी मध्येच ओल्या बोटाने ती सारखी करतो. एकदा एका पोराने माइक इतका जवळ लावला होता की माझा हातच पुडीपर्यंत पोचेना. ट्रॅक त्याला मिळाला, माझा ठेका गेला.

फील्डबाबा:
हे मात्र शंभर टक्के खरं.

ध्वनिवही:
खरं कसं? त्या पोराला माइक लावता आला नाही, तो दोष सोळा ट्रॅकचा? आमच्या गावचे विणेकरी गेल्या वर्षी वारले. त्यांच्या विण्याचा आणि गळ्याचा स्वतंत्र आवाज माझ्याकडे आहे तो त्या वेगळ्या माइकमुळेच. दोन माइकमध्ये ते चाळीस टाळांखाली गाडले गेले असते. याला तुम्ही हौस म्हणत असाल तर पुढे बोलायलाच नको.

पखवाजी:
विणेकऱ्यांचं माहीत नव्हतं. तेवढा एक माइक मान्य. टाळांना मात्र नाही.

वायरमन:
धागा भरकटलाय. वीज असेल तिथे डिजिटल मिक्सरवरच रेकॉर्ड करा. बेरिंजरच्या एक्स32मध्ये एक्स-लाइव्ह कार्ड बसवलं की 32 ट्रॅक एकाच घड्याळावर, जुळवायचा प्रश्नच नाही. वीज भरवशाची नसेल तर बॅटरीवरचे रेकॉर्डर, पण एकमेकांना बांधलेले. साउंड डिव्हायसेसच्या 788टी रेकॉर्डरला सी-लिंक होतं ते याचसाठी. घड्याळ, टाइमकोड, रेकॉर्ड-स्टॉप सगळं एका तारेतून.

ध्वनिवही:
फील्डबाबा, 3 मिलिसेकंदांचं गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष नाही. जागचं न हलणारं अंतर कान स्वीकारतो. हे अंतर सरकत जातं. एकच पखवाज दोन रेकॉर्डरवर असेल तर 1 मिलिसेकंदाच्या फरकाला दोन्ही मिसळताना 500 हर्ट्झला खड्डा पडतो, म्हणजे तेवढा सूर दबतो, आणि तो खड्डा कीर्तनभर जागा बदलतो. सुरुवातीला भरदार वाटलेला पखवाज शेवटी पोकळ होतो.

फील्डबाबा:
म्हणून पखवाजाचे दोन्ही माइक एकाच रेकॉर्डरवर घ्यायचे, स्टिरिओची जोडीही फोडायची नाही. दुसऱ्यावर फक्त कीर्तनकार आणि लांबचे माइक. हे मी आधीच लिहायला हवं होतं, ते राहिलं. 'बिल फुगवायची युक्ती' हे शब्दही मागे घेतो, दोन-अडीच तासांच्या अखंड कार्यक्रमापुरते. मालिकेच्या सेटवर माझं म्हणणं कायम.

ध्वनिवही:
सेटबद्दल माझा वाद नव्हताच. केबल सुटण्याचं तुमचंही मानतो. आता ती चिकटपट्टीने जमिनीला चिकटवतो आणि दर अभंगाला दुसऱ्या रेकॉर्डरवरची लॉकची, म्हणजे घड्याळ बांधलेलं असल्याची, खूण बघतो.

एडिट टेबल:
बांधायचे नसतील तर निदान एक आवाज, कीर्तनकारांचाच, दोन्ही रेकॉर्डरवर घ्या. मग दर दहा मिनिटांनी कापून जुळवता येतं, उन्हाने बदललेली चालही सापडते. एक ट्रॅक खर्ची पडतो, सोळाचे पंधरा होतात. आणि प्रसादाआधी टाळी. दोन्ही रेकॉर्डर चालू असताना.

पखवाजी:
ती टाळी पखवाजावर नको. बोला पुंडलिक वरदा झाल्यावर मी एक थाप देईन, तीच धरा.