सेन्सरचा आयता आकडा

'सेन्सर आयता आकडा देतो, मग मुलं मोजमाप कसं शिकणार' हे अर्धंच पटलं. तोच आकडा तपासायला लावा की! एलएम35 हा तापमानाचा सेन्सर दर अंश सेल्सिअसला 10 मिलिव्होल्ट देतो. तो ज्याला जोडतात तो आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड 5 व्होल्टचे 1024 भाग करतो, म्हणजे एक पायरी जवळजवळ अर्ध्या अंशाची. स्क्रीनवर 27.34 दिसलं की पुढचा आकडा थेट 27.83, दशांशानंतरचा दुसरा अंक निव्वळ शोभेचा. शिवाय यूएसबीतून 4.7 व्होल्टच येत असतील आणि प्रोग्रॅममध्ये 5 लिहिलं असेल, तर 30 अंशांचे सुमारे 32 होतात. मल्टिमीटरने बोर्डाची 5 व्होल्टची पिन मोजून प्रोग्रॅममध्ये खरा आकडा घालायचा.

पडताळणी मात्र बर्फात नको, साध्या जोडणीत एलएम35 2 अंशांखाली मोजत नाही. कोमट पाण्यात थर्मामीटरशेजारी धरा, सेन्सरचे धातूचे पाय कोरडे ठेवून.