पेंटियम ४ वर २.४ छापलंय, स्क्रीनवर १.८ दाखवायलंय

प्रेसवाला_परभणी
नमस्कार मंडळी. परभणीत माझं लग्नपत्रिका-हँडबिलांचं डीटीपीचं दुकान आहे. जुन्या फॉन्टातल्या पेजमेकरच्या फायली विंडोज एक्सपीवरच नीट उघडतात, फॉन्टचं डोंगलही (ते लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाही) प्रिंटर पोर्टलाच लागतं. म्हणून जुना डबा जपून ठेवलाय. त्यातला सेलेरॉन प्रोसेसर काढला अन् भंगारातून आणलेला पेंटियम ४ प्रोसेसर बसवला. चीपवर छापलंय २.४ गिगाहर्ट्‌झ/५१२/५३३, पण चालू केलं की १.८० येतंय. नकली माल आहे का? भंगारवाला म्हणतो, चालतंय ना, मग बास.

लातूरकर७२
युनिकोडला या हो आता. किती दिवस त्या डोंगलची पूजा करणार?

प्रेसवाला_परभणी
मागच्या सगळ्या पत्रिका पुन्हा टाइप करायला तुम्ही येता का? या, चहा माझा.

जुना_टेक्निशियन_नांदेड
दादा, चीप अस्सल आहे. नॉर्थवूड म्हणतात तिला. ५१२ म्हणजे केबीत एल-२ कॅश, चीपमधलीच झटपट मेमरी; ५३३ म्हणजे बस, चीप अन् बोर्डामधला डेटाचा रस्ता. बसचं खरं घड्याळ १३३ मेगाहर्ट्‌झचंच, पण दर ठोक्याला चारदा डेटा जातो, म्हणून ५३३ लिहितात. गुणक, म्हणजे चीप बसच्या घड्याळाच्या किती पट पळते तो आकडा, १८; तो कंपनीतूनच कुलूपबंद येतो. १८ गुणिले १३३ केले की २४०० होतात. तुमचा बोर्ड १०० च द्यायलाय, म्हणून १८००. भागिले करून बघा, बरोब्बर बसतंय.

सेलेरॉन होता म्हणालात, तिथंच मेख आहे. सॉकेट ४७८ (चीप बसते ती जागा) चे ते सेलेरॉन ४०० बसचे, म्हणजे घड्याळ १०० चं. बोर्डावर बसचा वेग ठरवणारा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) असेल तर तो तसाच राहिला असेल. बायोसचा सेल मेला असला तरी काही बोर्ड १०० वर येतात. तेही नसेल तर बोर्डाचा चिपसेट (बोर्ड सांभाळणाऱ्या मुख्य चिपा) बघा: ८४५जीएलला ५३३ झेपतच नाही, ८४५जीला झेपतं. सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, नाव दिसेल.

२.४ नावाची तर इंटेलनं जत्राच भरवली होती. ४०० बसवाला, गुणक २४. हा तुमचा ५३३ वाला. २००३ ला ८०० बसचा, गुणक १२, हायपरथ्रेडिंगसकट (एक चीप दोन असल्यासारखी काम करते). अन् २००४ च्या प्रेसकॉट नावाच्या पेंटियम ४ मध्येही एक २.४, कॅश १ एमबी. तो फुकट दिला तरी घेऊ नका. नॉर्थवूड ६० वॅटच्या आसपास खातो, प्रेसकॉट त्याहून कितीतरी जास्त, अन् आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. पेंटियम ४ तापला की जळत नाही, स्वतःच दम खात चालतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं अन् पान सरकत नाही, असं होतं मग.

प्रेसवाला_परभणी
सेल नवा टाकला, जंपर कुठंच नाही. सीपीयू-झेडमध्ये ८४५जीएल निघालं. एजीपीचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, स्लॉटही नाही बोर्डावर.

जुना_टेक्निशियन_नांदेड
जीएलला तो नसतोच. मग ही चीप १.८ वरच चालणार. पेजमेकरला तेवढं रग्गड आहे. लईच हौस असेल तर "२.४/५१२/४००" छापलेली शोधा, अन् बोर्डाच्या यादीत ती आहे का बघून घ्या. बदलताना मशीन आधी थोडा वेळ चालवून बंद करा, चीपवरची पेस्ट कोमट असतानाच हीटसिंक (चीप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) हलकेच डावी-उजवी फिरवून उचला. सरळ ओढली तर सॉकेटची लिव्हर बंद असतानाही चीप हीटसिंकला चिकटून वर येते अन् पिना वाकतात.