सिझेरियननंतर बाळाला पाजण्याची तयारी : आपापले अनुभव लिहावेत

माझे पहिले बाळंतपण तीन वर्षांपूर्वी सिझेरियनने झाले. आईला अजून दूध उतरलेले नाही असे म्हणून त्या रात्रीच बाळाला बाटलीने पावडरचे दूध दिले गेले, आणि पुढे ते अंगावर ओढायलाच तयार होईना, त्यामुळे पहिले पाच आठवडे मी जवळजवळ रोज रडत काढले. आता सदतिसावा आठवडा चालू आहे, शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली आहे आणि या वेळी मला आधीपासून तयारी करायची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे दर चार बाळंतपणांमागे एक सिझेरियन होते, म्हणजे आपल्यासारख्या पुष्कळजणी असणार. पिशवीत काय भरावे याच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. मला जाणून घ्यायचे आहे ते हे, की पहिले तीन दिवस प्रत्यक्षात कसे गेले आणि कोणाला काय आधी सांगून ठेवल्याचा उपयोग झाला.

पुण्याहून, दोन मुलांची आई

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तयारी म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलणे. प्रसूतितज्ज्ञांशी आपण नऊ महिने बोलत असतो, पण भूलतज्ज्ञ बहुतेक वेळा थेट त्याच दिवशी भेटतात. पाठीच्या मणक्यातून भूल दिली की आई पूर्ण जागी असते आणि बाळाची प्रकृती चांगली असेल तर टाके घालणे चालू असतानाच त्याला छातीवर ठेवता येते. मी दोनच विनंत्या केल्या होत्या : सलाइन डाव्या हाताला लावावे, म्हणजे उजव्या हाताने बाळाला धरता येईल, आणि हृदयाच्या ठोक्यांच्या तारा छातीच्या मध्यभागी न लावता बाजूला लावाव्यात. दोन्ही मान्य झाल्या. पडद्यापलीकडे टाके चालू होते आणि अलीकडे बाळाचा ओला, उबदार गाल माझ्या गळ्याखाली टेकलेला होता. थोड्या वेळाने ते तोंड उघडून मान डावीकडे-उजवीकडे हलवू लागले, तेव्हा परिचारिकेने त्याला नुसता आधार दिला आणि ते स्वतःहून ओढू लागले. पहिल्या तासातच स्तनपान सुरू करावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझेरियन झाले तरी ते शक्य असते, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते, म्हणून इथे सांगते आहे.

कोल्हापूरहून

माझे सिझेरियन अचानक ठरले, पूर्ण भूल द्यावी लागली आणि बाळ अतिदक्षता विभागात गेले, त्यामुळे वरच्यासारखे माझ्या वाट्याला काहीच आले नाही. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी खचून जाऊ नये. माझ्या मोठ्या बहिणीने त्याच संध्याकाळी मला हाताने चीक काढायला शिकवले : अंगठा आणि बोटे स्तनाग्रापासून थोडी मागे ठेवायची, छातीकडे दाबायचे, मग हलकेच पिळायचे आणि सोडायचे. पहिल्या खेपेला वाटीच्या तळाला पिवळसर, मधासारखा घट्ट असा अर्धा चमचादेखील निघाला नाही आणि मला लाज वाटली. परिचारिकेने मात्र तो थेंब न् थेंब सिरिंजमध्ये ओढून घेतला आणि म्हणाली, ‘ताई, पहिल्या दिवशी त्याचे पोटच एवढेसे असते, हे औषध आहे.’ दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, आम्ही हे करत राहिलो. चौथ्या दिवशी छाती जड झाली आणि पान्हा फुटला. सिझेरियननंतर दूध भरून यायला एखादा दिवस उशीर होऊ शकतो, हे माहीत असते तर त्या तीन दिवसांतली निम्मी भीती कमी झाली असती.

ठाण्याहून, एक बाबा

रात्रीची जबाबदारी मी घेतली होती. बाळ उचलून पत्नीजवळ आणणे, उशी लावणे, वेळ लिहून ठेवणे आणि भेटायला येणाऱ्यांना दोन दिवस नम्रपणे थांबवणे, एवढेच माझे काम होते. ते आधी ठरवून घेतल्यामुळे तिला कोणाशी वाद घालावा लागला नाही.

सोलापूरहून, एक आजी

आमच्या वेळी चीक काढून टाकत आणि बाळाला मध चाटवत असत. सुनेच्या सातव्या महिन्यात तिच्या डॉक्टरांनी मलाही समोर बसवून समजावले, की चीक हीच पहिली लस आहे आणि वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो. म्हणून माझे सांगणे असे, की घरातल्या मोठ्या बायकांना आधीच डॉक्टरांकडे घेऊन जा. दवाखान्यात रडणारे बाळ आमच्याच मांडीवर असते आणि वरचे दूध आणायला आम्हीच माणूस धाडतो. हळिवाची खीर मी अजूनही करते, पण दूध वाढते ते बाळाने वारंवार ओढल्याने, हे आता मलाही पटले आहे.

धागाकर्ती

आजी, तुमचे वाचून सासूबाईंना सोमवारच्या तपासणीला सोबत नेण्याचे ठरवले. आणखी एक विचारायचे आहे. टाके दुखत असताना बाळाला धरायचे कसे? मागच्या वेळी मांडीवर घेतले की त्याचे पाय नेमके टाक्यांवर येत असत.

नाशिकहून, प्रसूतिकक्षातील परिचारिका

मांडीवर घेऊच नका. बाळाला कुशीच्या बाजूला, काखेखाली घ्या. त्याचे पाय तुमच्या पाठीकडे जातील आणि डोके तुमच्या तळव्यावर राहील. पहिल्या दिवशी तर कुशीवर झोपून पाजणेच सोपे जाते. पाठीमागे एक उशी आणि पोटाखाली घडी घातलेले मऊ कापड ठेवा. दुखणे सोसत बसू नका. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन स्तनपानात चालते. तुम्हाला कोणते आणि किती, ते डॉक्टरांना विचारून वेळेवर घ्या, कारण वेदनेने अंग आखडले की पान्हाही अडखळतो. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले होत असतील तर दूध पुरते आहे असे समजा. तसे होत नसेल, किंवा बाळ पाजायलाही जागे होत नसेल, तर लगेच दाखवा. उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि कोपरावर भार देऊन बसा. बाळ मात्र तेव्हा हातात नको, ते दुसऱ्या कोणीतरी मागाहून द्यावे.