लॉ जर्नलचं संपादन विद्यार्थ्यांच्या हाती असावं का?

तळटीपवाली
आमच्या कॉलेजच्या लॉ जर्नलच्या, म्हणजे कायद्यावरचे लेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या, बैठकीत परवा प्रस्ताव आला: पुढच्या अंकापासून लेखांची निवड आणि संपादन शिक्षक करतील, विद्यार्थ्यांनी फक्त मुद्रितं तपासायची. माझा याला ठाम विरोध आहे.

दोन वर्षं मी संपादक मंडळात आहे. मागच्या अंकासाठी भाडेकरूंच्या हक्कांवरचा एक लेख माझ्याकडे तपासायला आला. त्यात उच्च न्यायालयाचं म्हणून एक वाक्य होतं, खाली तळटीप अगदी व्यवस्थित. मूळ निकाल काढून तो परिच्छेद वाचला, तर ते वाक्य न्यायालयाचं नव्हतंच. घरमालकाच्या वकिलांचा युक्तिवाद न्यायमूर्तींनी तिथे मांडून ठेवला होता आणि चार परिच्छेदांनंतर तो फेटाळला होता. लेखकाने पुढचं वाचलंच नव्हतं. निकालात कोण कुठे बोलतंय हे ओळखून वाचायचं असतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. वर्गात आणि गाइडांमध्ये ते कधी मिळालं नव्हतं.

अमेरिकेतल्या हार्वर्डचं लॉ जर्नल, हार्वर्ड लॉ रिव्ह्यू, १८८७ मध्ये विद्यार्थ्यांनीच सुरू केलं, आजही तेच चालवतात. खासगीपणाच्या हक्कावरचा वॉरन आणि ब्रँडाइस यांचा लेख १८९० मध्ये तिथेच छापून आला. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याची दखल घेतली. मग विद्यार्थ्यांना जमत नाही असं कशावरून?

जुना वकील
तो लेख विद्यार्थ्यांनी छापला, लिहिला नव्हता. ब्रँडाइस तेव्हा बोस्टनमध्ये जम बसलेले वकील होते. शिवाय अमेरिकेत पदवी घेऊन मग लॉ स्कूलला जातात. आपल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मुलं बारावीनंतर येतात. ज्याने दिवाणी दाव्यातली कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्याने एखाद्याच्या वीस वर्षांच्या कामावर 'साभार परत' लिहायचं? माझा स्वतःचा लेख एका विद्यार्थी-जर्नलने परत पाठवला होता. कारण दिलं होतं, 'संदर्भशैली पाळलेली नाही'. मुद्द्याबद्दल एक अक्षर नाही. राग संदर्भशैलीचा नाही हो, मुद्दा कोणी वाचलाच नाही याचा आहे.

खडू-फळा
मी कायदा शिकवतो, आणि निवडीपुरता वकीलसाहेबांशी सहमत आहे. अमेरिकन पद्धतीची दुसरी बाजूही पाहा. तिथे लेखक एकच लेख एकाच वेळी अनेक जर्नलांकडे पाठवतो आणि एकाने घेतला की त्याहून वरच्या जर्नलला 'लवकर कळवा' म्हणून निरोप धाडतो. विद्यार्थी संपादकांपुढे लेखांचा ढीग असतो, विषय नवखा असतो, मग लेखकाचं विद्यापीठ आणि हुद्दा पाहून निवड होते, ही तक्रार तिथलेच प्राध्यापक वर्षानुवर्षं करत आहेत. नाव झाकून दोन जाणकारांकडे लेख पाठवला तर हे बरंचसं टळतं. तळटिपा तपासणं, लेखकाला प्रश्न विचारणं, भाषा सोपी करून घेणं हे मात्र विद्यार्थ्यांकडून काढून घेऊ नये. पन्नास उत्तरपत्रिका समोर असताना मी प्रत्येक निकाल उघडून पाहणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

सकाळचे वर्ग
तीन वर्षांच्या एलएलबीला आहे. सकाळी कॉलेज, अकरापासून एका वकिलांकडे टायपिंग. तुम्ही सगळे 'विद्यार्थी' म्हणता ते कोणते? मंडळाची बैठक दुपारी तीनला, प्रवेशपरीक्षा इंग्रजीत. आमच्या तुकडीतून एकही जण आत नाही. तालुका न्यायालयात दिवसभर मराठीत कामकाज चालतं, पण त्यावर मराठीत लिहायला आमच्या जर्नलमध्ये एक पान नाही. ऑफिसात आठवड्याला दोन पक्षकार तरी 'सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे जमीन आपली' असं समजून येतात. फेरफार नोंद महसुलासाठी असते, तिच्याने मालकी हक्क मिळत नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरतो. संपादन कोणीही करा, हा माणूस अंकात कुठे आहे?

तळटीपवाली
@जुना वकील, तुमच्या लेखाबाबत झालं ते चूकच. मुद्द्यावर मत न देता लेख परत करायचा नाही, असा नियम बैठकीत मांडते.
@खडू-फळा सर, नाव झाकून बाहेरच्या जाणकारांकडे पाठवणं मान्य. पण त्यांचे अभिप्राय आल्यावर अंतिम बैठकीत आम्हाला मत हवं. निवड का झाली हे कळलं नाही, तर आम्ही नुसते टंकलेखनिक.
@सकाळचे वर्ग, बैठकीच्या वेळेचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. रविवारी सकाळी ठेवायला हवी.

जुना वकील
अंतिम मत मला अजूनही पटत नाही. अभिप्राय देणारा जबाबदारी घेतो, तर निर्णयही त्याचाच असावा. पण जाणकार म्हणून वाचायला बोलावलंत तर येईन.

सकाळचे वर्ग
फेरफार आणि मालकी हक्कावर माझं सहा पानी टिपण तयार आहे, मराठीत. घ्याल?

तळटीपवाली
पाठवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५० (फेरफार नोंदवहीचं) आणि कलम १५७ दोन्ही घेतलंय ना? १५७ प्रमाणे नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, ते सुटलं तर टिपण अर्धवट राहील. उल्लेख केलेल्या प्रत्येक निकालाची पूर्ण प्रत जोडा, नुसतं हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, नको. वकीलसाहेब, हे पहिलं टिपण तुमच्याकडेच येईल, नाव झाकून काही उपयोग नाही आता, पण वाचाल ना?