आधी नोंदणी, मग संच

नागपुरात सुटे भाग जोडून स्वतः गाडी बांधायची, तर त्या भागांचा संच नव्या इंजिनाचा घ्यावा की जुन्या गाडीचे भाग वापरणारा, या आपल्या प्रश्नाआधी रस्त्यावर चालवण्यासाठी लागणाऱ्या नोंदणीचा विचार व्हावा, असे मला वाटते. १९५७ च्या लोटस सेव्हन या बिनछताच्या ब्रिटिश गाडीचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि ती गाडी आजही सुट्या भागांत मिळते. मात्र ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून घेण्याची सोय आहे, तर आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ जुन्या गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करू देत नाही आणि नव्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची चाचणी लागते. गाडी केवळ खासगी आवारात चालवायची असल्यास संचासाठी, जिचे भाग नागपुरात सहज मिळतात, अशीच जुनी गाडी निवडावी. रेडिएटर मात्र मोठा हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि बिनछताच्या गाडीत चालकाचे काय होईल ते वेगळेच.