दोमिएच्या संसारचित्रांत हसू कोणावर: नवऱ्यावर की बायकोवर?

शिळाछाप:
फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिएची 'मर्स काँझ्युगाल' (संसाराच्या रीतीभाती) ही ६० शिळाछाप (दगडावर काढून छापलेल्या) चित्रांची मालिका १८३९ ते १८४२ मध्ये, मुख्यतः पॅरिसच्या 'ल शारिव्हारी' दैनिकात आली. तिच्यावर सरसकट स्त्रीद्वेषाचा शिक्का मारतात, तो मला साफ अमान्य आहे. चित्राखालचा मजकूर सहसा दोमिएचा नसे. तो संपादक शार्ल फिलिपाँ किंवा कचेरीतलं दुसरं कोणी लिही. म्हणून मजकूर झाकून चित्र बघा. सहाव्या चित्रात नवरा भोक पडलेली विजार पसरून कादंबरीकार बाई जॉर्ज सँडच्या नावाने खडे फोडतोय: हिच्यामुळे बायका विजारी शिवेनाशा झाल्या, एकतर घटस्फोट परत आणा, नाहीतर ही लेखिकाच रद्द करा! यात हसं कोणाचं होतं?

मसिपात्र:
मजकूर झाकायचा का म्हणून? वर्गणीदाराच्या हाती चित्र आणि मजकूर एकत्रच पडत. आणि दोमिएचीच १८४४ ची 'ले बा-ब्लू' मालिका विसरलात? लेखिकांवर ४० चित्रं. एकात आई लिहिण्यात गुंग आणि मूल टबात डोक्यावर पडलेलं. इथे मजकूर झाकला तरी मूल टबातच आहे!
कायदाही बघा. फ्रान्समध्ये घटस्फोट १८१६ ला बंद झाला तो थेट १८८४ ला परत आला. मधे १८४८ साली तो आणायचं विधेयक मांडलं गेलं, त्याच वर्षी दोमिएने घटस्फोट मागणाऱ्या बायकांवर सहा चित्रं काढली. दंडसंहितेच्या कलम ३३७ प्रमाणे व्यभिचारी बायकोला तीन महिने ते दोन वर्षं कैद. नवऱ्याला कलम ३३९ प्रमाणे फक्त १०० ते २,००० फ्रँक दंड, तोही रखेल राहत्या घरात ठेवली तरच. ज्यांचे हात आधीच बांधलेत त्यांच्यावर हसणं सोपं असतं.

शिळाछाप:
काळ लक्षात घ्या. सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने प्रत्येक व्यंगचित्र छापण्याआधी मंजूर करून घेणं सक्तीचं झालं. राजा लुई-फिलिपवर चित्र काढल्याबद्दल दोमिए आधी तुरुंगात जाऊन आला होता. राजकारणाचं दार बंद झाल्यावर चित्रकार घरात शिरले. तिथला ढेरपोट्या नवरा म्हणजे वर्षाला २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरून मत देणारा, त्या राजवटीचा खांब. त्याला घरच्या टोपीत उभा करणं हाही राजकीय वारच.

दगडघोटू:
दोघांनाही विचारतो, कोणती प्रत बघून बोलताय? वर्तमानपत्रातल्या प्रतीचा कागद पातळ, मागच्या बाजूचा मजकूर पुढे उमटतो. त्याच दगडावरून जाड पांढऱ्या कागदावर, मागे कोऱ्या अशा प्रतीही काढत, त्या शोधा. शिळाछापात तेलकट खडूने दगडावर काढायचं, मग डिंकात नायट्रिक आम्ल मिसळून लावायचं. आम्ल कडक झालं की फिकट करडे ठिपके उडतात. दगड पुरेसा ओला नसला, तर सावल्या शाईने बुजतात. कोपऱ्यात बसलेल्या बायकोचा चेहरा बहुधा अशाच फिकट करड्यात असतो. तिची कंटाळलेली नजर गेली की उरतो नवऱ्याचा आवेश आणि खालचा मजकूर, मग विनोद तिच्यावर उलटतो. तुलनेला त्याच काळातला व्यंगचित्रकार गाव्हार्नी घ्या. तो स्वतःचा मजकूर स्वतः लिही, त्यामुळे बायकांच्या फसवेगिरीवरच्या त्याच्या मालिकेत चित्र आणि शब्द एकाच सुरात बोलतात. दोमिएकडे त्यांत फट राहते, आणि त्याची खरी गंमत त्या फटीतच आहे.

मसिपात्र:
प्रत उत्तम असेल, नेम तोच राहतो. आणि त्या २०० फ्रँकांविषयी: १८३१ च्या निवडणूक कायद्यात बायकोच्या नावावरचा करही नवऱ्याच्या खात्यात धरत. कराची रक्कम तिचीही, मत मात्र त्याचं. या नवऱ्याला राजवटीचा खांब म्हणताना त्याखालचा हा पायाही मोजा.