नऊ प्रकल्पांना एकच पॅरेंट पॉम: लॅपटॉपवर बिल्ड होते, जेन्किन्सवर होत नाही

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे जावाचे नऊ प्रकल्प असून प्रत्येकाची गिट रिपॉझिटरी वेगळी आहे. आजवर नवा प्रकल्प सुरू करताना जुन्याचीच पॉम फाइल (बिल्डची मांडणी लिहिलेली pom.xml) उचलली जात असे. त्यामुळे जावा 11 वरून 17 वर जाताना तोच बदल नऊ ठिकाणी करावा लागला आणि तरीही एक प्रकल्प सुटलाच. म्हणून मी मेव्हन या बिल्डच्या साधनाचा सामाईक पॅरेंट पॉम, म्हणजे ज्यातल्या सेटिंग्ज बाकीच्या पॉमना वारशाने मिळतात असा पॉम, तयार केला. माझ्या लॅपटॉपवर सगळे प्रकल्प एकाच फोल्डरमध्ये आहेत आणि पॅरेंटची फाइलही त्याच फोल्डरमध्ये आहे. तिथे बिल्ड व्यवस्थित होते. जेन्किन्सवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) मात्र पॅरेंट सापडत नाही, म्हणून ते सुरुवातीलाच थांबते. शिवाय चार प्रकल्पांना स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा स्टार्टर पॅरेंट आधीपासून आहे आणि एका पॉमला दोन पॅरेंट देता येत नाहीत. त्यांचे काय करावे?

उत्तर 1

रिलेटिव्हपाथ (पॅरेंटची फाइल कुठे आहे हे सांगणारा टॅग) लिहिला नसेल, तर मेव्हन आधी एक पायरी वरच्या फोल्डरमधली पॉम फाइल पाहतो. लॅपटॉपवर ती तिथे आहे. जेन्किन्स एकच रिपॉझिटरी क्लोन करतो, त्यामुळे वर काहीच नसते. पॅरेंटला स्वतंत्र रिपॉझिटरी द्या, त्याची पक्की आवृत्ती नेक्ससवर (तयार फाइली ठेवण्याच्या सर्व्हरवर) डिप्लॉय करा आणि प्रत्येक प्रकल्पात रिलेटिव्हपाथचा टॅग रिकामा ठेवा, म्हणजे मेव्हन वरच्या फोल्डरमध्ये न पाहता पॅरेंट थेट नेक्ससवरून घेईल. नेक्ससचा पत्ता जेन्किन्सवरच्या मेव्हनच्या सेटिंग्ज फाइलमध्ये हवा, कारण तो पॅरेंटमध्ये लिहिला तर पॅरेंट मिळाल्याशिवाय पत्ता कळणार नाही आणि पत्ता कळल्याशिवाय पॅरेंट मिळणार नाही. पॅरेंटची स्नॅपशॉट आवृत्ती (जिचा मजकूर त्याच नावाखाली बदलत राहतो) कृपया वापरू नका. काल झालेले बिल्ड आज, कोडमधले एक अक्षरही न बदलता, मोडू शकते.

उत्तर 2

स्टार्टर पॅरेंटलाच आपल्या पॅरेंटचा पॅरेंट करणे सोपे आहे, पण मग उरलेल्या पाच प्रकल्पांवरही स्प्रिंग बूटच्या आवृत्त्या लादल्या जातात. माझ्या मते पॅरेंटमध्ये फक्त कंपायलर, एन्कोडिंग आणि प्लगिनच्या आवृत्त्या ठेवाव्यात आणि त्या चार प्रकल्पांनी स्प्रिंग बूटचा बीओएम (लायब्ररींच्या आवृत्त्या ठरवणारा पॉम) आपल्या पॉमच्या डिपेंडन्सी मॅनेजमेंट विभागात इम्पोर्ट स्कोपने घ्यावा. मात्र इम्पोर्टने केवळ आवृत्त्यांची यादी येते, प्लगिनची मांडणी येत नाही. स्प्रिंग बूटच्या मेव्हन प्लगिनचे रिपॅकेज हे गोल (प्लगिनचे काम) आपल्याला स्वतः लिहावे लागेल, नाहीतर साधी जार (जावाची पॅकेज फाइल) तयार होईल आणि ती थेट चालणार नाही. प्रॉपर्टी बदलून एखाद्या लायब्ररीची आवृत्ती बदलण्याची सोयही जाते. ती लायब्ररी बीओएमच्या आधी स्वतंत्रपणे नोंदवावी लागते.

आणखी एक कळकळीची विनंती: पॅरेंटच्या डिपेंडन्सीज विभागात प्रत्यक्ष लायब्ररी घालू नका. आमच्याकडे कोणीतरी सोयीसाठी डेटाबेसचा ड्रायव्हर तिथे घातला आणि डेटाबेसशी काडीचाही संबंध नसलेल्या सेवांच्या जारमध्ये तो वर्षभर जात राहिला. वारशाने आलेली डिपेंडन्सी प्रकल्पाच्या पॉममधून सरळ काढून टाकता येत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पॅरेंट आता नेक्ससवर आहे आणि स्प्रिंग बूटचे चारही प्रकल्प बीओएमवर आणले आहेत. बदलाआधी आणि बदलानंतर प्रत्येक प्रकल्पाचा इफेक्टिव्ह पॉम (वारशाने आलेल्या सगळ्या सेटिंग्जसह अंतिम पॉम) काढून दोन्हींचा डिफ पाहिला. आठ ठिकाणी अपेक्षित तेच फरक दिसले. नवव्या ठिकाणी कंपायलर रिलीज 11 च राहिला होता, कारण त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या प्रॉपर्टीजमध्ये ती जुनी ओळ तशीच होती आणि प्रकल्पातले मूल्य पॅरेंटच्या मूल्यावर मात करते. मागच्या वेळी सुटलेला प्रकल्प तो हाच. ती ओळ काढली आणि जेन्किन्सवर नऊही बिल्ड पूर्ण झाली.